कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर आर्किटेक्चरचं ऑफिस काढलं तर मैत्री टिकते का?

वर्गमैत्रिणीबरोबर ऑफिस काढायचं तुमच्या मनात आहे आणि घरचे म्हणतात, मैत्रीही जाईल आणि पैसाही. मी म्हणेन, काढा. फक्त आधी एवढं आठवून बघा, कॉलेजात तुमच्या शीटवर चूक झाली की ती काय करायची?

आमच्या वेळी ट्रेसिंग पेपरवर शाईने ड्रॉइंग व्हायची. चौथ्या वर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या सेक्शनवर, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगवर, शाईचा थेंब पडला, नेमका जिन्यावर. नवीन शीट काढायला वेळ नव्हता. माझ्या मैत्रिणीची स्वतःची दोन एलेव्हेशन, म्हणजे इमारत बाहेरून दाखवणारी ड्रॉइंग, बाकी होती, तरी ती उठून माझ्या बोर्डाशी आली. डाग वाळू दिला, अर्धं ब्लेड घेतलं आणि कागद फाटू न देता हलक्या हाताने खरवडत बसली. मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत केली, नाहीतर त्यावर काढलेली रेघ पसरते. "हं, आता काढ," म्हणाली. सकाळी तिचं एक एलेव्हेशन अर्धवटच लागलं. जुरीत, म्हणजे परीक्षकांसमोर, बोलणी खाल्ली, पण माझं नाव घेतलं नाही.

२००१मध्ये कोल्हापुरात आम्ही दोन टेबलांचं ऑफिस थाटलं. पहिला प्रश्न पाटीचा, कुणाचं नाव आधी? शेवटी ऑफिस ज्या गल्लीत होतं तिचंच नाव दिलं. पुढे कधीतरी वाचलं की डब्लिनच्या इव्हॉन फॅरेल आणि शेली मॅकनमारा यांनीही तेच केलं होतं. दोघी तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकल्या, १९७८मध्ये सहकाऱ्यांसोबत ऑफिस काढलं आणि त्याला ग्राफ्टन या रस्त्याचं नाव दिलं. २०२०मध्ये दोघींना मिळून प्रित्झ्कर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वात मानाचा पुरस्कार, मिळाला, तेव्हा आम्ही ऑफिसात पेढे वाटले. चाळीस वर्षं एकत्र काम केलेल्या दोन मैत्रिणी! मला त्यांच्या इमारतींइतकंच याचंही अप्रूप वाटतं.

आमची खरी परीक्षा तिसऱ्या बंगल्यात झाली. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, काढलं, मालक जिना चढायला लागले आणि लँडिंगच्या बीमखाली वाकले. तिथे डोक्यावर सात फूट तरी मोकळे हवेत, होते जेमतेम सहा. ड्रॉइंग तिचं होतं. मालकांनी विचारलं, "हे कुणी काढलं?" मी म्हटलं, "आमच्या ऑफिसनं. चूक आमची, खर्चही आमचा." आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे बीम-स्लॅबचा हिशेब करणाऱ्या इंजिनियरला, बोलावलं, स्लॅबला टेकू दिले, बीम तोडून उलटा बीम घेतला, म्हणजे खाली लोंबणारा भाग स्लॅबच्या वर गेला. त्या कामाची जवळजवळ सगळी फी त्यात गेली.

संध्याकाळी ती म्हणाली, "ड्रॉइंग माझं होतं गं."
"आणि तपासलं मी नव्हतं."
त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

भांडतो आम्ही, भरपूर. खिडक्यांच्या मापावरून, साइटवर कुणी जायचं यावरून. पैशांवरून मात्र नाही, कारण पहिल्याच महिन्यात भागीदारीचं डीड रीतसर करून घेतलं: कुणी किती घालायचे, किती उचलायचे, एकीने सोडलं तर काय. मैत्रिणीशी कसला कागद करायचा, असं वाटेल तुम्हाला. करा. तिला मूल झालं तेव्हा ती वर्षभर अर्धाच दिवस यायची. हिशेब कागदावर होता, म्हणून तिला कधी ओशाळवाणं झालं नाही आणि मला कधी मनात आकडेमोड करावी लागली नाही. आणि दोघींची कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय पाटीवर 'आर्किटेक्ट्स' लिहू नका, १९७२चा कायदा त्याबाबतीत स्पष्ट आहे.

त्या बंगल्यानंतर दोन सह्यांशिवाय एकही ड्रॉइंग आमच्या ऑफिसातून साइटवर गेलेलं नाही. जिन्याचे सेक्शन अजूनही तीच काढते. लाल पेन माझ्याकडे असतं.