‘पहिली भाषा’ या रकान्याबद्दल

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तुम्ही पिंपळे सौदागरला राहता, एका संस्थेसाठी सर्वेक्षणाची कामं करता. इंग्लंडमध्ये समाजशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळालाय, पहिलं वर्ष बरंचसं संशोधन पद्धती शिकण्यात जाणार आणि नवरा व पाच वर्षांची मुलगी बरोबर येणार. विचारलंत तीनच गोष्टी: स्टॅटिस्टिक्स झेपेल का, मुलीच्या शाळेचं कसं, आणि ‘ताई, एकटं वाटतं का हो’. व्हिसा, हेल्थ सरचार्ज, खात्यात किती दिवस पैसे दाखवायचे हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही.

स्टॅटिस्टिक्स झेपतं. मी २०१८ च्या सप्टेंबरात याच विषयाच्या मास्टर्सला आले तेव्हा मलाही तीच धास्ती होती. पण इथली पुष्कळ मुलं सोळाव्या वर्षी गणित सोडून देतात, त्यामुळे वर्गात घाबरलेली तुम्ही एकट्या नसाल. ‘आर’ नावाचं सॉफ्टवेअर शिकवतील. एका स्वल्पविरामासाठी दोन तास जातील, मग चालेल. सर्वेक्षणातल्या उत्तरांना कमी-जास्त वजन, म्हणजे भारांक, का लावायचे, उत्तरच न देणारे लोक आकडे कसे बिघडवतात, हे तर तुम्ही दारोदार फिरून पाहिलंय.

मला जड गेलं ते वेगळंच. पुण्यात एम.ए.ला संशोधन पद्धतींचा पेपर होता. नमुना निवडीचे प्रकार, चांगल्या गृहीतकाची वैशिष्ट्यं, सगळं पाठ होतं, मार्कही बरे पडले. पण कोणाची मुलाखत एकदाही घेतली नव्हती. इथे दुसऱ्याच आठवड्यात बसस्टॉपवर तासभर उभं राहून दिसेल ते लिहून आणायला सांगितलं. मी अर्धं पान लिहिलं: लोक बसची वाट बघत आहेत. बाईंनी समासात विचारलं, वाट बघतायत हे तुम्हाला कशावरून कळलं? मी चिडले. रात्री पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, एक म्हातारे गृहस्थ तासभर तिथेच होते आणि चार बसमधल्या एकीतही चढले नव्हते.

तुमचं गाव वाचून आठवलं म्हणून सांगते. लायब्ररीत भारतावरची जुनी पुस्तकं चाळताना हॅरोल्ड मान यांचं १९१७ चं पुस्तक हाती लागलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल होते ते. त्यांनी दख्खनच्या एका खेड्यात जाऊन जमिनीचे तुकडे मोजले, पिकं नोंदवली, घराघरांतलं कर्ज विचारलं. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगखाली कोणाचा तरी मोजलेला तुकडा असेल. पुण्यात इतकी वर्षं काढून मला याचा पत्ता नव्हता, आणि कळलं ते इथे, बाहेर पाऊस पडत असताना. मला याचं अजून धड हसूही येत नाही.

आणि बॅकअप घ्या. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या, कर्नाटकातल्या रामपुरा या खेड्यावरच्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाल्या. मग त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं. आपली स्मरणशक्ती तेवढी नाही.

आता कागदपत्रं. मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव चढलंय का बघा. आमच्या मुलाच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा होता आणि ते निघायच्या तीन आठवडे आधी कळलं. क्षेत्रीय कार्यालयात सात चकरा झाल्या. खिडकीमागचा माणूस दर वेळी नवीन कागद सांगायचा, जुना आणलेला बघायचाही नाही. इथे आल्यावर बँकेला पत्त्याचा पुरावा हवा आणि घरमालकाला बँकेचं खातं. ते युनिव्हर्सिटीच्या पत्रावर सुटलं. दोन्हीकडे मी फॉर्मला शिव्या घातल्या. एक फॉर्म मात्र मी स्वतः चुकीचा भरला, आणि खरं तर त्याच्यासाठीच हे सगळं लिहितेय.

शाळेच्या प्रवेश अर्जात ‘मुलाची पहिली भाषा’ असा रकाना होता. मी ‘इंग्लिश’ लिहिलं. ‘मराठी’ लिहिलं तर पोराला कच्च्या मुलांच्या गटात बसवतील, असं कोणीतरी सांगितलं होतं. त्याच आठवड्यात वर्गात मापनातल्या चुका शिकत होते: लोक स्वतःबद्दल खरं न सांगता शोभेल ते सांगतात, वगैरे. वहीत त्याखाली दोन रेघा मारल्यात.

मुलगा शाळेत पाच महिने जवळजवळ बोललाच नाही. नवी भाषा कानावर पडत असताना मुलं असा गप्प काळ काढतात, हे नंतर वाचलं. पण शाळेच्या लेखी त्याची भाषा इंग्लिश होती, मग गप्प राहणं म्हणजे दोष. त्याचे कान तपासायला सांगितले. मी बाईंना म्हटलं, अहो, घरी अखंड बडबडतो, मराठीत. त्या शांतपणे म्हणाल्या, अर्जात तर तसं नाहीये. नंतर दुरुस्ती करून दिली, पण मदत सुरू होईपर्यंत वर्ष संपत आलं.

जूनमध्ये इथे पहिलीच्या मुलांची अक्षरध्वनींची चाचणी असते. ४० शब्द, त्यातले २० निरर्थक, शेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र. मूल अक्षरं जुळवून वाचतं की शब्द ओळखून, ते बघायचं असतं. आमचा बाळ पुण्याच्या शाळेत ‘अर्थ लागला पाहिजे’ असं शिकलेला. घरी सराव घेताना ‘स्ट्रोम’ दिसलं की तो खुशाल ‘स्टॉर्म’ वाचायचा. ३२ हवे होते, त्याला २४ मिळाले. चाचणी नेमकं काय मोजते, तिची वैधता म्हणजे काय, यावर मी त्याच महिन्यात निबंध लिहिला होता, चांगला उतरला होता. शाळेत मात्र मान हलवून परत आले. शाळेवरचा माझा राग गेलेला नाही, पण त्यातला किती माझ्यावरचा आहे हे वेगळं काढता येत नाही.

एकटेपणाचं. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो. दिवे लावा, बाहेर पडा, जवळचं महाराष्ट्र मंडळ शोधा. होते सवय.

असं मी सगळ्यांना सांगते. प्रबंधासाठी मी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या मराठी बायकांशी बोलले. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीच्या अर्जात लिहावं लागतं, मुलाखत देणाऱ्याला त्रास झाला तर काय कराल. मी छान परिच्छेद लिहिला होता. संमतीपत्र पुढे केलं की बायका बिचकायच्या: सही कशाला गं, सांगतेय ना मी. एकीला विचारलं, दिवस कसा जातो? म्हणाली, ‘चाललंय.’ याचं इंग्रजी करायला मला आठवडा लागला. मग तिने विचारलं, ‘आणि तुझं?’ मी रेकॉर्डर बंद केला. टंकलेखनात तिथे ‘रेकॉर्डिंग थांबवलं’ एवढंच आहे. पुढचा पाऊण तास आम्ही दोघी काय बोललो ते प्रबंधात नाही. मार्गदर्शकांनी विचारलं, इथे काय झालं? म्हटलं, बॅटरी संपली.

मागच्या वर्षी मुलगा माध्यमिक शाळेत गेला. पुन्हा तोच रकाना आला. या वेळी मी अर्ज त्याच्याचकडे सरकवला. त्याने क्षणभरही न थांबता ‘इंग्लिश’ लिहिलं, आणि ते आता खरं आहे. आजीशी व्हिडिओवर बोलताना तो मला मध्ये बसवतो.

तुमच्या मुलीच्या अर्जात मराठी लिहा. आणि तो जन्मदाखला उद्याच काढून बघा, क्षेत्रीय कार्यालयात शनिवारच्या भरवशावर राहू नका.