मिरगी असताना कोणतं करिअर निवडावं, आणि नोकरी घेताना आजार सांगावा का?

तुम्ही लिहिलंय की वय २३, बीएस्सी केमिस्ट्री झालंय, वर्षातून दोन-तीनदा फिट येते, गोळ्या चालू आहेत, तर कोणत्या लाइनला जाऊ. आणि खाली एक ओळ आहे: "घरचे म्हणतात, नोकरीच्या ठिकाणी अजिबात सांगायचं नाही." प्रश्न करिअरचा आहे, पण मी दोन दिवस त्या खालच्या ओळीपाशीच अडकलोय. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सांगा. घरचे काहीही म्हणोत.

मी बडोद्याचा. २००३ साली मीही २३ वर्षांचा होतो, युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्रीत एमएस्सी करून बाहेर पडलो होतो आणि मलाही फिट यायची. पहिली आली १९९७ च्या मार्चमध्ये, बारावी बोर्डाच्या पेपराच्या सकाळी. रात्रभर ऑरगॅनिक वाचून पहाटे तासभर टेकलो, आंघोळीला उठलो आणि मोरीत पडलो. शेजारच्या काकूंनी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली. पेपर बुडाला. फॅमिली डॉक्टरांनी एप्टॉइन ही फिटची गोळी सुरू केली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी काढलं नाही. "त्याला जरा अशक्तपणा आहे", बस. गल्लीत सगळे गुजराती शेजारी. तिथे "खेंच", म्हणजे गुजरातीत फिट, हा शब्द कुणाच्या कानावर गेला तर माझ्या बहिणीचं लग्न अडेल, असं बाबांचं म्हणणं.

बाबा एका कारखान्यात ३१ वर्षं फोरमन होते. त्यांच्याच ओळखीने मी शहराबाहेरच्या एका केमिकल कंपनीत, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये लागलो. वर्षभरात पर्मनंट, पीएफ, न्यायला-आणायला कंपनीची बस. मेडिकलच्या फॉर्मवर फिट येतात का असा रकाना होता. बाबा बरोबर आले होते, बाकावर शेजारी बसले होते. माझं पेन थांबलेलं बघून ते हळूच म्हणाले, "नाही लिही. औषध चालू आहे ना? मग नाही." मी "नाही" लिहिलं.

पाळ्या तीन. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात, आणि दर आठवड्याला बदल. पहिले सहा महिने काही झालं नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. रात्रपाळी करून घरी आलो, दुपारी झोपून उठलो की चहाचा कप हातातून उडायचा. दात घासताना ब्रश उडायचा. आई म्हणायची, लक्ष कुठे असतं तुझं? हे मी कधीच कुठल्या डॉक्टरला सांगितलं नाही. त्याचा फिटशी काही संबंध असेल हे मनातही आलं नाही.

२००४ चा जानेवारी. उत्तरायणाचे, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीचे, दोन दिवस गच्चीवर गेले, झोप अशी नाहीच, आणि लगेच रात्रपाळी लागली. तिसऱ्या रात्री पाच वाजता खुर्चीतच डोळा लागला. अर्ध्या तासाने रिॲक्टरवरून सॅम्पल यायची वेळ झाली म्हणून दचकून उठलो आणि टायट्रेशन लावलं, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव सोडून करायची तपासणी. ब्युरेटचा, त्या काचेच्या नळीचा, कॉक धरलेला हात एकदम उडाला. पुन्हा धरला, पुन्हा उडाला. कोनिकल फ्लास्क खाली पडून फुटला. काचा उचलायला वाकलो, त्यापुढचं मला आठवत नाही.

पुढचं सगळं ऐकलेलं. सॅम्पलची बाटली घेऊन एक ऑपरेटर काका आत आले. पन्नाशीचे गुजराती गृहस्थ, रोज रात्री मला आपल्या डब्यातला थेपला द्यायचे. "आने खेंच आवी!" म्हणून ते ओरडले. त्या पाळीत काय करायचं हे माहीत असलेला एकही माणूस नव्हता. माझे दात घट्ट बसलेले बघून, जीभ तुटेल या भीतीने, त्यांनी स्वतःचं बोट माझ्या दातांत घातलं. उजव्या हाताची तर्जनी. मी ती जवळजवळ हाडापर्यंत चावली. त्यांना पाच टाके पडले आणि ते बोट पुढच्या पेरातून परत कधी नीट वाकलं नाही. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचं बोट.

फिट आलेल्याच्या तोंडात काही घालायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, आजूबाजूच्या वस्तू सरकवायच्या, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखान्यात न्यायचं. कांदा नको, चप्पल नको, बोट तर नकोच. एवढं मी त्यांना सहा महिन्यांत कधीही, थेपला खाता खाता, दोन मिनिटांत सांगू शकलो असतो.

शुद्धीवर आलो तेव्हा ते हाताला फडकं गुंडाळून माझ्या उशाशी बसले होते. म्हणाले, "दीकरा, मने कहेवुं हतुं ने." मला सांगायचं होतंस ना, बाळा. रागाने नाही म्हणाले. तक्रारही केली नाही. कंपनीने मला आठ दिवसांत बोलावून घेतलं. फॉर्मवर खोटं लिहिलंय, राजीनामा द्या म्हणजे रेकॉर्ड खराब होणार नाही. मी दिला. त्या रात्रीच्या शिफ्ट इनचार्जला मेमो मिळाला, त्याची काहीही चूक नसताना.

बाबांचं म्हणणं तेव्हा होतं आणि आज ८१ व्या वर्षीही आहे: "सांगितलं असतंस तर नोकरी लागलीच नसती." याचं उत्तर मला वीस वर्षं नीट देता आलेलं नाही, कारण ते खरं आहे. त्या कंपनीने घेतलं नसतं. आणि घ्यायलाही नको होतं! फिरत्या पाळ्यांची ती नोकरी माझ्या मेंदूला चालणारीच नव्हती. नोकरी लागली नसती हे तोट्याच्या खात्यात कसं धरायचं? मी सहा महिन्यांचा पगार मिळवला आणि एका माणसाचं बोट गेलं. हिशोब एवढाच आहे, आणि तो बाबांना मान्य नाही.

माझं पुढचं थोडक्यात सांगतो. राजीनाम्यानंतर पहिल्यांदा न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी फिटबद्दल फार विचारलंच नाही. विचारलं, "उठल्यावर हातातून वस्तू उडतात का?" सात वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढला. ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. हा प्रकार बहुधा किशोरवयात सुरू होतो, उठल्यानंतरच्या तासाभरात झटके येतात आणि जागरण हा त्याचा सगळ्यात मोठा शत्रू. एप्टॉइनसारखी काही औषधं यात हातांचे झटके वाढवूही शकतात. मला व्हॅल्प्रोएट सुरू झालं. वजन वाढलं, हात बारीक थरथरतो, पण कप उडायचा थांबला. २००६ नंतर एकच फिट आली, २०११ मध्ये, एका लग्नाला गेलो असताना गोळ्यांची पिशवी घरी राहिली आणि दोन रात्री जागरण झालं तेव्हा.

मधली दोन वर्षं दांडिया बाजारात एका खोलीत नववी-दहावीच्या मुलांना सायन्स शिकवलं. तिथे पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकलं, फळ्यावर चित्र काढून. औषध बदलण्याच्या काळात एकदा वर्गातच फिट आली. मुलांनी मला कुशीवर वळवलं, दप्तर डोक्याखाली दिलं आणि नववीतल्या एका मुलीने घड्याळ लावलं. जाग आली तेव्हा ती म्हणाली, "सर, एक मिनिट पन्नास सेकंद." कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. एकाही पालकाने मूल काढून घेतलं नाही. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते उठून आत गेले.

मग औषध कंपन्यांत अर्ज केले, या वेळी सांगून. तीन ठिकाणी नकार मिळाला. चौथ्या ठिकाणी मालकांनी विचारलं, "म्हणजे रात्री काम करायचं नाही, एवढंच ना?" तेव्हापासून मी डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. बॅच रेकॉर्ड तपासणं, परदेशी परवान्यांसाठी कागद तयार करणं, साडेनऊ ते सहा. केमिस्ट्री रोज लागते आणि ब्युरेट धरावा लागत नाही.

तर आता तुमचं. कोणती लाइन हे मी सांगू शकत नाही, पण आधी घड्याळ बघा, मग काम. ज्या नोकरीत झोपेची वेळ दर आठवड्याला हलते ती नको, पगार दीडपट असला तरी. बीएस्सी केमिस्ट्रीवाल्याला सगळे सांगतात एमआर हो, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी. नको, दिवसभर बाइकवर असतो तो माणूस. लर्निंग लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये मिरगीचा प्रश्न सरळ विचारलेला आहे, तिथेही खोटं लिहू नका. मी आजही शटल रिक्षाने जातो आणि घर त्या हिशोबाने घेतलं. नोकरी शोधताना रस्त्याचा विचार आधी करा. बॉयलर, उंचीवरचं काम, फिरती मशीन, एकट्याने रात्री थांबायचं काम, हे सोडून द्या. पण "घरी बसून कॉम्प्युटरचं काम कर" हा सल्लाही डोळे मिटून घेऊ नका. क्लायंट अमेरिकेतला असेल तर ती रात्रपाळीच आहे, फक्त पायजम्यातली. जनरल शिफ्टची लॅब, क्यूए म्हणजे दर्जा तपासणारा विभाग, रेग्युलेटरी म्हणजे परवान्यांचे कागद, पेटंट शोधण्याचं काम, शिकवणं, हे सगळं तुमच्या डिग्रीत बसतं.

सरकारी नोकरीबद्दल घरचे बोलतच असतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन हे मेंदूचे आजार नावानिशी आहेत, मिरगी नाही. त्यामुळे चार टक्के आरक्षण गृहीत धरून तीन वर्षं स्पर्धापरीक्षेत घालवू नका. द्यायची तर ते आरक्षण न धरता द्या, आणि रात्री दोनपर्यंत अभ्यास करणाऱ्या मित्रांच्या खोलीत राहू नका.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. "सांगा" म्हणालो, म्हणजे बायोडेटाच्या पहिल्या ओळीत लिहा असं नाही. पहिल्या मुलाखतीतही आपणहून काढायची गरज नाही. ऑफर हातात आली की, मेडिकलच्या आधी, डॉक्टरांच्या पत्रासह सांगा. कधी येते, किती वेळ असते, काय करायचं, कोणतं काम चालणार नाही. फॉर्मवर विचारलं तर खरंच लिहा. आणि ज्याच्या शेजारी तुम्ही रोज बसणार त्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगा. साहेबाला सांगितलं आणि शेजाऱ्याला नाही, तर उपयोग नाही. पडल्यावर धावत येणारा शेजारचाच असतो.

आणि हेही लिहायला हवं की बाबांची भीती हवेतली नव्हती. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात मिरगीचे वारंवार येणारे झटके हे लग्न रद्द करून घेण्याचं कारण म्हणून घातले गेले होते, आणि ते थेट १९९९ मध्ये काढलं. मला पहिली फिट आली तेव्हा तो कायदा चालू होता, घरात लग्नाची मुलगी होती. त्या माणसाने ती गोष्ट झाकायची ठरवली तर मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण तुमच्या घरचे आज तेच सांगताहेत, आणि आता ते कलम नाही. त्यांना हे वाचून दाखवा, ते बोटाचं विशेष करून.

माझा प्रकार एक आहे, तुमचा वेगळा असू शकतो. काहींना झोपेतच येते, त्यांना मी वर नको म्हटलेली काही कामं जमू शकतात. योग्य औषध मिळालं तर दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात, म्हणून वर्षाला दोन-तीन हे नशीब समजून करिअर ठरवू नका. आधी तुमच्या फिटचा प्रकार कोणता हे न्यूरॉलॉजिस्टकडून कागदावर लिहून घ्या. गोळ्या मात्र माझं वाचून स्वतः बदलू किंवा बंद करू नका. हे कुणी मुलगी वाचत असेल तर तिने व्हॅल्प्रोएटबद्दल डॉक्टरांशी वेगळं बोलावं, गरोदरपणात त्याने बाळाला गंभीर धोका असतो.

गरबा बघायला मी जातो, आरती झाली की घरी. उत्तरायणाला गच्चीवर असतो, कठड्यापासून लांब, फिरकी धरून. दर दिवाळीत त्या काकांकडे जातो. ते आता सत्तरीपलीकडे आहेत, डावीकडे बसवून घेतात मला, कारण उजव्या हाताने त्यांना बशी नीट धरता येत नाही.

उद्या सकाळी चहा घेताना हाताकडे बघा. कप, ब्रश, मोबाइल, काहीही कधी आपसूक उडत असेल तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तो कागद डॉक्टरांना द्या.