पहिल्याच सेमिस्टरला सायकॉलॉजी भलतीच निघाली, बदलू का?

तुझं पत्र मिळालं. नाव छापू नका म्हणालास, नाही छापत. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तू युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला सायकॉलॉजी घेतलीस कारण मित्रमैत्रिणी आपलं रडगाणं घेऊन तुझ्याकडेच येतात, तुला माणसं ओळखता येतात असं सगळे म्हणतात, आणि पुढे तुला काउन्सेलर व्हायचंय. आणि समोर काय आलं तर न्यूरॉन म्हणजे मेंदूतल्या पेशी, कबुतरांवरचे आणि उंदरांवरचे प्रयोग आणि स्टँडर्ड डेव्हिएशनची गणितं. बाबांचं म्हणणं की यात शिकायचं काय, सगळा कॉमन सेन्स तर आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तू लिहिलंयस की डिसऑर्डरचा चॅप्टर आधीच वाचून काढला आणि त्यातले निम्मे आजार आपल्यालाच आहेत असं वाटायला लागलंय. मग विचारतोस, विषय बदलू का?

आत्ता लगेच नको. पण 'मन लाव, हळूहळू आवडेल' असंही मी म्हणणार नाही, कारण काहींनी खरंच बदलायला हवा असतो आणि ते तिसऱ्या वर्षापर्यंत ओढत नेतात. कुणी बदलावा ते सांगते पुढे, आधी बाबांचं बघू.

त्यांच्याशी वाद घालू नकोस. निकाल कळल्यावर कुठलीही गोष्ट 'हे तर माहीतच होतं' अशीच वाटते, त्याला हाइंडसाइट बायस म्हणतात आणि तो तुझ्या पुस्तकात पहिल्या एकदोन चॅप्टरमध्येच असणार. खरी अडचण अशी आहे की कॉमन सेन्सकडे दोन्ही बाजूंची उत्तरं तयार असतात. पोरगा संगतीने बिघडला की आपण म्हणतो ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तोच पोरगा चांगल्या संगतीत राहूनही सुधारला नाही की म्हणतो जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. म्हणजे काहीही झालं तरी आपण बरोबरच! अशा शहाणपणावरून पुढे काय होणार हे मात्र आधी सांगता येत नाही. सायकॉलॉजी तिथून पुढे विचारते की संगतीचा परिणाम कुणावर, कुठल्या वयात, किती, आणि हे तुम्ही मोजलंत कसं.

आणि हे मोजणं म्हणजे नंतर चिकटवलेली कटकट नाहीये बरं का, विषयाची सुरुवातच तिथून झालीये. १८७९ साली वुंट नावाच्या प्राध्यापकाने जर्मनीत लाइपझिगला लॅब काढली, सायकॉलॉजीची पहिली लॅब म्हणून तिचंच नाव घेतात, आणि तिथे लोकांची दुःखं ऐकत नव्हते, सिग्नल दिल्यावर माणूस किती वेळात बटण दाबतो असल्या गोष्टी मोजत होते. मन समजून घ्यायला आलेल्या मुलाला हे वाचून हिरमुसायला होणारच, मी समजू शकते.

पण तुला ज्या कामाला जायचंय त्यासाठीच हे सगळं लागतं, आणि एक प्रयोग मी जरा सविस्तर सांगते कारण तो बहुतेक प्रत्येक इंट्रोच्या पुस्तकात असतो आणि मुलं तो परीक्षेपुरता पाठ करून सोडून देतात. १९७४ चा, लॉफ्टस आणि पामर या दोन मानसशास्त्रज्ञांचा. ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि नंतर विचारलं, गाड्या किती स्पीडने होत्या. फक्त प्रश्नातलं एक क्रियापद बदललं. काहींना विचारलं गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा, काहींना 'धडकल्या' तेव्हा, काहींना नुसतं 'टेकल्या' तेव्हा, अशी पाच क्रियापदं होती. फिल्म सगळ्यांना त्याच. तरी सगळ्यात जोरदार शब्दाला सरासरी उत्तर आलं ताशी ४० मैलांच्या आसपास, आणि सगळ्यात सौम्य शब्दाला ३२ च्या आसपास.

इथपर्यंत कुणी म्हणेल की लोकांनी शब्दावरून अंदाज बांधला, आठवण काही बदलली नाही. बरोबर शंका आहे! आणि तीच त्यांनाही आली म्हणून दुसरा प्रयोग केला. १५० विद्यार्थी, ५०-५० चे तीन गट, एकाला जोरदार शब्द, एकाला साधा, एकाला स्पीडचा प्रश्नच नाही. आठवड्याने परत बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण म्हणाले हो, दिसली. साध्या शब्दवाल्यांत ७ आणि ज्यांना विचारलंच नव्हतं त्यांच्यात ६.

आता तुझी मैत्रीण ब्रेकअपनंतर तुझ्याकडे येते तेव्हा तू काय विचारतोस ते आठव. 'त्याने तुला टाकलं तेव्हा काय म्हणाला?' आणि 'तुम्ही वेगळे झालात तेव्हा काय बोलणं झालं?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्या प्रश्नाने तू तिच्या आठवणीत नसलेली काच घालू शकतोस. चांगल्या मनाने, मदत म्हणून. मित्र म्हणून हे खपतं, काउन्सेलर म्हणून नाही. माणसं मोकळी होतात हा तुझा गुण खरा आहे, तो मी कमी लेखत नाहीये, पण 'मला माणसं कळतात' या खात्रीला पहिल्या वर्षात थोडे तडे जायला हवेत, आणि इंट्रोचा कोर्स नेमकं तेच करतो. नीट शिकवला तर.

न्यूरॉनचंही तसंच. तो ॲक्सॉन-डेंड्राइटचा डायग्राम कंटाळवाणा आहेच, मान्य. पण त्याच युनिटमध्ये किंवा मेमरीच्या युनिटमध्ये एच. एम. नावाचा पेशंट भेटेल. १९५३ मध्ये फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढला, त्यात नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या हिप्पोकॅम्पसचाही बराच भाग गेला, आणि त्यानंतर त्याला नवीन आठवणी साठवताच येईनात. मग ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि तरी दर वेळी त्याला वाटायचं की हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. म्हणजे हाताला आठवतंय आणि माणसाला आठवत नाहीये. हे वाचल्यावर 'आठवण' ही एकच गोष्ट आहे असं पुन्हा वाटत नाही. त्या डायग्रामचा उपयोग इथे आहे.

स्टॅटिस्टिक्सबद्दल तू जरा चिडूनच लिहिलंयस. हे बघ, २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने सायकॉलॉजीतले १०० छापून आलेले अभ्यास परत करून पाहिले. मूळ पेपर्सपैकी ९७ टक्क्यांत निकाल 'सिग्निफिकंट' होता, म्हणजे नुसता योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता, परत केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. ही बातमी ऐकून काहीजण म्हणतात बघा, सगळंच बोगस. मला उलट वाटतं, की जो विषय स्वतःचीच झडती घेतो आणि निकाल छापतो तो शिकण्यासारखा आहे. पण त्यामुळे तुझ्यावर काम येतं. पुस्तकात छापलंय म्हणून मान डोलवायची सोय राहिली नाही. स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग घे, १९७१ चा, विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं, दोन आठवड्यांचा होता तो सहा दिवसांत बंद केला, आणि वर्षानुवर्षं तो 'सत्ता मिळाली की साधा माणूसही क्रूर होतो' याचा पुरावा म्हणून शिकवला गेला. नंतर रेकॉर्डिंग आणि कागदपत्रं तपासल्यावर कळलं की पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळत होत्या. तुमच्या वर्गात हा आला तर सरांना किंवा मॅडमना जरूर विचार, आणि त्यांना राग आला तर... असो.

आता, कुणी बदलावा. एक सोपी चाचणी सांगते, मी मुलांना नेहमी हीच करायला लावते. पुस्तकातला कुठलाही एक प्रयोग घे, पुस्तक मिट, आणि तीन गोष्टी लिही. कुणाची कुणाशी तुलना केली? मोजलं काय? आणि जो निकाल आला त्याचं आणखी एखादं कारण असू शकतं का? पहिल्या दोनात मार्क मिळतात, तिसरीत तू कळतोस. तिसऱ्या प्रश्नाला डोकं खाजवावंसं वाटलं, 'अरे पण ते लोक आधीच तसे असतील तर?' असं काही आपोआप सुचलं, तर स्टॅट्समध्ये कितीही कमी मार्क असोत, विषय तुझा आहे. आणि दर वेळी 'ठीक आहे ना, शेवटी काय निघालं ते सांगा' एवढंच वाटत असेल तर बहुतेक तुला माणसांची मदत करायचीये, माणसांचा अभ्यास करायचा नाहीये. त्यात कमीपणा काहीच नाही. सोशल वर्क आहे, नर्सिंग आहे, शिक्षकी आहे, स्पीच थेरपी आहे, तिथे तुझा ऐकून घेण्याचा गुण पहिल्या दिवसापासून वापरता येतो. एवढं मात्र धरून चाल की थोडंफार स्टॅट्स आणि रिसर्च तिथेही मागे लागतंच.

राहिलास तर पुढचं काय, तेही स्पष्ट सांगते कारण कॉलेजच्या माहितीपत्रकात हे गुळगुळीत लिहितात. नुसत्या पदवीवर कुणी थेरपिस्ट होत नाही. जवळपास सगळीकडे मास्टर्स लागतं, काही ठिकाणी डॉक्टरेट, वर सीनियरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, आणि मग लायसन्स किंवा नोंदणी, त्याचे नियम देशागणिक वेगळे, तेव्हा तुला जिथे काम करायचंय तिथले आत्ताच वाचून ठेव. सायकिॲट्रिस्ट व्हायचं असेल तर मेडिकलचा रस्ता, तो पूर्ण वेगळा. पदवीनंतर लगेच नोकरी हवी असेल तर एचआर, मार्केट रिसर्च, यूएक्स रिसर्च (लोक एखादं ॲप किंवा वेबसाइट कशी वापरतात ते तपासणं) अशा जागा असतात, आणि तिथे इंटरव्ह्यूला फ्रॉइड कुणी विचारत नाही, सर्व्हे कसा बनवशील आणि आलेला डेटा कसा वाचशील हे विचारतात. म्हणजे ज्या पेपरवर तू चिडलायस तोच.

अभ्यासाबद्दल तू विचारलं नाहीस पण 'चार-चार वेळा वाचूनही परीक्षेत आठवत नाही' असं वाक्य पत्रात आहे. अरे, याचं उत्तर तुझ्याच विषयात आहे! २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि परत वाचणाऱ्यांना ४२. त्याच पेपरमधल्या दुसऱ्या प्रयोगात वाचतच राहिलेल्यांना आपलं जास्त लक्षात राहील अशी खात्रीही जास्त होती, आणि आठवड्याने तेच मागे पडले. तेव्हा हायलायटर ठेव बाजूला आणि कोऱ्या कागदावर लिहायला लाग.

आता ते आजारांचं. हे फार जणांना होतं, मेडिकलच्या मुलांना होतं म्हणून त्याला मेडिकल स्टुडंट सिंड्रोम असं नावही पडलंय. कारण लक्षणांची यादी वाचताना आपण फक्त यादी वाचतो, तिच्या आजूबाजूच्या अटी सोडून देतो. डिप्रेशनचं घे, नऊपैकी किमान पाच लक्षणं, त्यात उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं यातलं एक हवंच, दोन आठवडे जवळजवळ रोज, आणि त्याने रोजचं जगणं अडायला हवं. रविवारी संध्याकाळी उदास वाटणं त्यात बसत नाही. पण याची दुसरी बाजूही ऐक. झोप, जेवण, वर्गात जाणं हे खरंच काही आठवड्यांपासून बिघडलं असेल तर 'मला तो सिंड्रोम झालाय' म्हणून हसण्यावारी नेऊ नकोस, युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरला जा, बहुतेक ठिकाणी ते असतं, नसेल तर डॉक्टरकडे जा. आणि स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. कोर्स हा उपचार नाही. स्वतःचं दुखणं सोडवायला सायकॉलॉजी घेणारे बरेच असतात, त्यात चूक काही नाही, फक्त दोन्ही कामं एकाच लेक्चरकडून होतील अशी अपेक्षा नको. आणि कृपा करून घरच्यांना आणि मित्रांना निदानं वाटत फिरू नकोस, एका सेमिस्टरवर कुणी नार्सिसिस्ट ठरत नाही.

एवढं कर. विषय सोडायची शेवटची तारीख ऑफिसात विचारून लिहून ठेव, म्हणजे निर्णय घाईत होणार नाही. तोवर मेमरी आणि सोशल सायकॉलॉजीची युनिट्स होऊ देत. डिपार्टमेंटमध्ये प्रयोगांसाठी माणसं हवी असतात, एखाद्यात भाग घे, संमतीपत्र सही करण्याआधी पूर्ण वाच आणि संपल्यावर ते काय तपासत होते ते विचारून घे, तो तुझा हक्क असतो. स्टॅट्सच्या ट्युटोरियलला जा, प्रश्न बावळट वाटला तरी विचार. मिडटर्मनंतर, मार्क किती का असेनात, ती तीन प्रश्नांची चाचणी वेगवेगळ्या चारपाच प्रयोगांवर करून बघ आणि जे कागदावर येईल ते मला पाठव, त्यावर बोलू.