ट्रॉलरच्या विंचमध्ये (जाळं ओढायच्या यंत्रात) मिस्टरांच्या बोटाचं टोक गेलं, हाड उघडं पडलंय. डॉक्टर कातडी लावा म्हणतायत. शेजारच्या बोटाची कातडी लावली तर स्पर्श परत येईल का?

येतो ताई, पण पूर्वीसारखा नाही आणि लगेच तर नाहीच.

तुमच्या मिस्टरांचं हाड उघडं पडलंय म्हणून डॉक्टर कातडी लावा म्हणतायत, ते बरोबर. जखम लहान, साधारण 1 सेंटीमीटरच्या आत आणि हाड झाकलेलं असतं, तर नुसत्या ड्रेसिंगवरही बोट भरलं असतं, आणि अशा बोटाला स्पर्श बराच चांगला येतो.

शेजारच्या बोटाच्या पाठीची कातडी लावताना दोन्ही बोटं दोन-तीन आठवडे जोडलेलीच राहतात. त्या कातडीत स्पर्श कळवणारी नस कडेकडेनं शिरते, म्हणून वेळ लागतो. काही सर्जन कातडीतली बारीक नस कापलेल्या नसेला जोडतात. ते जमेल का, हे आत्ताच विचारा. जखम आडवी असेल तर त्याच बोटाची कातडी पुढे सरकवता येते. तिची नस तुटत नाही, त्यामुळे स्पर्श जास्त टिकतो.

नस वाढते दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. मधे मुंग्या येतील, वीज चमकल्यासारखं होईल, घाबरू नका. थंडी मात्र त्या बोटाला बरेच महिने झोंबते, बर्फात मासळी भरताना तर जास्तच.

टाके सुकल्यावर डोळे मिटून वाटीतले तांदूळ, कुळीथ, पुळणीची वाळू, जाळ्याचा दोरा ओळखायला लावा. रोज, चार-पाच वेळा. आमच्याकडे आळस होतो तो इथेच. आणि बोट बधिर असेतो चुलीपासून, गरम टोपापासून लांब. भाजलेलं कळतच नाही.