जंताचं औषध पाजूनही शेळ्या का खंगतात?

दर तीन महिन्यांनी सगळ्या शेळ्यांना अल्बेंडाझोल पाजूनही जबड्याखाली पाणी उतरतं, जंतांना औषधाची सवय होते का, असं तुम्ही विचारलंय. मी पशुवैद्यक आहे आणि ही तक्रार फार ऐकतो.

सवय होत नाही. बदलतात त्या जंतांच्या पिढ्या. शेळीच्या चौथ्या पोटात रक्त पिणाऱ्या हिमोंकस या जंताची एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते. एवढ्या संख्येत एखाद्याच्या जनुकात बदल होतोच, औषध दिलेलं असो वा नसो. अल्बेंडाझोल जंताच्या बीटा-ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटून त्याची उपासमार करतं. त्या प्रथिनात 200व्या जागी फेनिलअलानिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) टायरोसिन हे दुसरं आलं की औषध नीट चिकटत नाही. बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची अंडी यांचीच. याच गटातलं थायाबेंडाझोल 1961 साली आलं. 1964 मध्ये अमेरिकेत त्याला न जुमानणाऱ्या हिमोंकसची नोंद झालीसुद्धा.

कमी डोस हे काम सोपं करतो. बदललेलं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलेला जंत पूर्ण डोसात बहुधा मरतो, अपुऱ्या डोसातून मात्र सुटतो. शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीच्या मापाने पाजलं तर ते कमीच पडतं.

आणि सगळ्या कळपाला पाजून लगेच नव्या रानात सोडणं मला सर्वांत घातक वाटतं. एरवी कुरणातल्या गवतावर औषध कधीच न पाहिलेल्या जंतांच्या लाखो अळ्या असतात. त्या चरताना पोटात जातात, वाचलेल्या जंतांशी त्यांचा संकर होतो आणि औषधाला दबणारी जनुकं टिकून राहतात. नव्या रानात तो आधारच नसतो.

म्हणून सरसकट पाजणं थांबवा. दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या फामाचा पद्धतीत खालच्या पापणीचा आतला रंग बघतात आणि रक्त कमी झाल्याने तो पांढुरका दिसला तर त्या जनावरालाच औषध देतात. औषधाआधी आणि 10 ते 14 दिवसांनी लेंड्यांमधली जंतांची अंडी तपासून घ्या. अंडी 95 टक्क्यांपेक्षा कमी घटली तर ते औषध तुमच्याकडे निकामी होत चाललंय. तेव्हा फेनबेंडाझोलकडे वळू नका, ते त्याच कुळातलं आहे. पाणी उतरलेल्या शेळ्या मात्र आजच डॉक्टरांना दाखवा, त्यांच्या अंगात रक्त फार कमी उरलेलं असतं.