‘कागद तिकडे होतात’ म्हणणाऱ्या एजंटबद्दल

तुम्ही विचारलंय: बरेच दिवस नोकरी नाही, एजंट म्हणतो ‘टुरिस्ट व्हिसावर चला, कागद तिकडे होतात’, आणि परदेशी मदतीतून इथेच रोजगार येणार असंही कानावर येतंय. निघावं की थांबावं?

मदतीच्या भरवशावर थांबू नका. युरोपीय संघाने २०१५ मध्ये स्थलांतराची ‘मूळ कारणं’ दूर करायला आफ्रिकेसाठी निधी काढला. तो पुढे सुमारे ५ अब्ज युरोंवर गेला. त्यातून प्रशिक्षणं झाली, छोट्या धंद्यांना हातभार लागला, पण पैसा सीमेवरच्या पहाऱ्यालाही गेला. त्याच वर्षी युरोपच्या वाटेवरच्या नायजर या आफ्रिकी देशाने माणसं चोरून नेणाऱ्यांविरुद्ध कडक कायदा केला. तिथल्या वाळवंटाकाठच्या अगादेझ शहरातले गाडीवाले बेकार झाले, जाणारे आणखी धोक्याच्या आडवाटांनी वाळवंटात शिरले, आणि २०२३ मध्ये तो कायदाच रद्द झाला. शिवाय गरीब देशात उत्पन्न वाढू लागलं की बाहेर जाणारे आधी वाढतात, असं अर्थतज्ज्ञ मायकेल क्लेमेन्स आकडेवारीनिशी मांडतात. साहजिकच आहे, ज्याच्याकडे काहीच नाही तो तिकीट कुठून काढणार? याचा अर्थ मदत वाया जाते असा नाही. वीज, रस्ते, शिक्षण यांवरचा पैसा फळतो, पण त्यात तुमची उमेदीची वर्षं निघून जातील.

एजंटचं म्हणणं मात्र शुद्ध थाप आहे. अमेरिकेचंच घ्या. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर ३ वर्षं, वर्षभर किंवा अधिक राहिलात तर १० वर्षं परत प्रवेश नाही. म्हणजे उद्या रीतसर नोकरी मिळाली तरी दार बंद. आणि खरा फास एजंटला द्यायला काढलेल्या कर्जाचा. व्याज चालू असतं म्हणून माणूस मिळेल त्या मजुरीवर राबतो. मालकाने पगार बुडवला तरी तक्रार करायची सोय नसते, कारण तक्रार केली की आपणच पकडले जाऊ ही भीती. इकडे परदेशात असे लोक मला नेहमी भेटतात. हुशार, कष्टाळू, आणि परतायचीही सोय नसलेले.

मदतीचा मला पटलेला एक प्रकार म्हणजे जर्मनीचा ‘ट्रिपल विन’. ठरावीक देशांतल्या परिचारिकांना निघण्याआधी भाषा शिकवतात, नोकरी ठरवून देतात, उमेदवाराकडून शुल्क घेत नाहीत. तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर आधी तुमचं प्रमाणपत्र त्या देशात चालतं का ते बघा, आणि भाषेचा वर्ग लावा. एजंटकडे मालकाचं नाव, पगार आणि व्हिसाचा प्रकार लिहिलेला करार मागा; तो हातात येईपर्यंत एक पैसाही देऊ नका.