‘हो’ म्हणणाऱ्यांचा विरोध

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. यंत्र आरेखनाच्या प्रात्यक्षिकातील ठरावीक शीट्स कमी कराव्यात, विद्यार्थ्यांना एखादा जुना पंप खोलायला द्यावा आणि त्याचे भाग मोजून त्यांनीच आरेखन करावे, हा तुझा प्रस्ताव तू आता शिकवतेस त्या विभागाच्या बैठकीत कोणीही फेटाळला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढे काहीच झाले नाही, असे तू लिहितेस. ज्येष्ठांना कष्ट नकोत, असा निष्कर्षही तू काढून मोकळी झाली आहेस. तो अगदीच खोटा नाही. पण तेवढ्यावर थांबलीस, तर तुझा प्रस्ताव पुढच्या वर्षीही इतिवृत्तातच राहील.

अशा बदलांना विरोध करणाऱ्यांत मीही होतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. जानेवारी २०१८ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला आणि अभियांत्रिकी पदवीची क्रेडिट्स सुमारे २२० वरून १६० वर आणली. मुलांचे वर्गातले तास कमी करून त्यांना प्रकल्पाला आणि स्वतःच्या अभ्यासाला वेळ द्यावा, हा हेतू मला तेव्हाही पटत होता. तरीही माझ्या विषयाचे आठवड्याचे चार तास तीनवर येणार असे दिसताच मी उपसमितीत ‘पाया कच्चा राहील’ यावर बरेच बोललो, आणि त्याच वेळी वहीच्या मागच्या पानावर वेगळे गणित मांडत होतो. चार तुकड्यांत प्रत्येकी एक तास गेला की आठवड्याचे चार तास गेले. सहायक प्राध्यापकाचा कार्यभार १६ तासांचा, म्हणजे पाव माणूस गेला. असे चार विषय आक्रसले की एक पद गेले, आणि ते तासिका तत्त्वावरच्या सर्वांत तरुण सहकाऱ्याचे असणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्याच सुमारास परिषदेने शिक्षक-विद्यार्थी प्रमाणही १:१५ वरून १:२० केले होते, त्यामुळे ही भीती हवेतली नव्हती. शेवटी तास कमी झाले, पण मजकूर कमी झाला नाही. सहा युनिटची पाच झाली आणि सहाव्यातले सगळे त्या पाचांत कोंबले गेले. ते कोंबण्यात माझाही हात होता.

तेव्हा कोणताही बदल सुचवण्याआधी तो कोणाच्या वेळापत्रकातून किती तास काढतो आणि कोणाच्या टेबलावर किती कागद वाढवतो, हे आधी मोजून ठेव. बैठकीत हा हिशेब कोणी उघडपणे मांडत नाही. तिथे दर्जाची भाषा चालते.

कागदांचेही तसेच. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला आणि त्यानंतर निष्पत्तीआधारित शिक्षण आपल्याकडच्या लहानमोठ्या कॉलेजांत पोहोचले. विद्यार्थ्याला शेवटी काय करता येते ते तपासायचे, ही मूळ कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात तिचे सीओ-पीओ मॅपिंग झाले, म्हणजे विषयाच्या निष्पत्ती (सीओ) पदवीच्या निष्पत्तींशी (पीओ) किती जुळतात याचा तक्ता. मानांकनाची समिती येण्याच्या आदल्या रात्री आमच्या स्टाफरूममध्ये गार झालेले वडे खात आम्ही १२ पीओंसमोर तीन, दोन, एक असे आकडे भरत बसलो होतो, आणि एका सहकाऱ्याने तर अटेनमेंट, म्हणजे निष्पत्ती किती साधली त्याचा आकडा, आधी काढून उद्दिष्ट त्याच्याखाली बसेल असे नंतर लिहिले. या सगळ्यात ‘नाही’ म्हणणारा एकही नव्हता. आपल्याकडचा विरोध बहुधा असाच, होकार देऊन तक्ता भरणारा असतो.

नव्या शैक्षणिक धोरणातल्या, पदवी मध्येच सोडण्याच्या एक्झिटबद्दलही तू विचारले आहेस. दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याच्या तरतुदीवर तुझे सहकारी हसतात, त्यात थोडे तथ्य आहे. दहावीनंतर तीन वर्षे पॉलिटेक्निक केलेली मुले तुमच्याकडे थेट दुसऱ्या वर्षाला येतात. मग या नव्या पदविकेची कारखान्यात ओळख काय, हा प्रश्न रास्त आहे. जर्मनीतही १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर तांत्रिक विद्यापीठांनी ‘डिप्लोम-इंजिनिअर’ ही पदवी सोडताना बरीच कुरकुर केली, आणि ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठाने काही शाखांत ती आजही राखली आहे. उद्योगांचा ज्या नावावर भरवसा बसला आहे ते जपण्याला मी आळस म्हणणार नाही.

आता तुझ्या पंपाकडे येतो. तुझा खरा अडसर विभागप्रमुख नाहीत, तो बहिःस्थ परीक्षक आहे. तो सकाळी येतो, वीस जणांची बॅच दोन-तीन तासांत संपवतो, आणि त्याला हातात धरून सही करता येईल अशी वस्तू लागते. शीट्सची फाइल ही ती वस्तू आहे. त्यातल्या निम्म्या शीट्स जीटी मारलेल्या, म्हणजे काचेवर ठेवून दुसऱ्याच्या शीटवरून गिरवलेल्या आहेत हे त्यालाही कळते, कारण त्यानेही एके काळी काचेखाली दिवा लावून तेच केले होते. फाइल काढून घेतलीस आणि बदल्यात काही दिले नाहीस, तर तो गुण कशावर देणार? म्हणून एका पानाचे मूल्यांकन तयार कर: मापे बरोबर आहेत का, फिट (दोन भागांची जुळणी) आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) का निवडले ते सांगता येते का, आणि भाग हातात दिल्यावर तो आरेखनात दाखवता येतो का. विद्यार्थ्यामागे पाच मिनिटांत उरकले पाहिजे. सगळ्या शीट्स काढायचा हट्ट धरू नकोस. या वर्षी दोनच काढ, आणि एकाच बॅचसाठी. त्याला अभ्यास मंडळाच्या मंजुरीचीही बहुधा गरज पडणार नाही, टर्मवर्कच्या, म्हणजे सत्रभरातल्या कामाच्या गुणांच्या, चौकटीत ते बसेल.

विभागातले जे सर ‘बघू’ म्हणाले, त्यांनाच पहिल्या दिवशी बॅचसमोर पंप खोलायला बोलाव. त्यांचा हात वर्कशॉपमध्ये तयार झालेला आहे, असे तूच मागे म्हणाली होतीस. आणि भंगारातून पंप आणणार असशील, तर आदल्या आठवड्यात इम्पेलरचा (आतल्या फिरत्या चक्राचा) नट सुटतो का ते स्वतः पाहा. गंजला असेल तर रात्रभर रॉकेलमध्ये भिजत ठेव. मूल्यांकनाचे पान तयार झाले की मला पाठव, मी परीक्षकाच्या नजरेने वाचून देईन.

तुझा,
सर